वही मिटली पाहिजे, बाय

अगं बाय, फुलं सुरेख झालीत, त्यात वाद नाही. ती निळ्या पाकळ्यांची मोठी तर विकायला ठेवलीस तरी खपतील. पण तू पाठवलेल्या फोटोत मला फुलांच्या आधी वहीच दिसली. जेमतेम चार पानं भरलीत आणि ती आत्ताच आ वासून पडलीय. तिच्यावर पितळी डबा ठेवून दाबायचा तुझा बेत काकीने सांगितला मला. तो डबा आधी उचल. त्याखाली पाकळ्या चेपतील, कडा फाटतील आणि वही मिटायची ती नाहीच मिटणार.

आजीची पंच्याहत्तरी नारळी पौर्णिमेच्या सुमारास. म्हणजे मधे निम्मा पावसाळा, आणि आपलं सारसोळ्याचं घर खाडीच्या वाऱ्यावर. घाई करू नकोस, पण पुन्हा पुन्हा तेच करत बसण्याइतका वेळही नाही. मी सांगते ते ऐक, पुढे तुझं तू ठरव.

मला एकच गोष्ट तुझ्या डोक्यात घालायचीय. चिकटवहीतलं फूल मिटणारं हवं. गणपतीच्या मखरातलं फूल उभं, भरदार, चार हातांवरून उठून दिसणारं असावं लागतं. वहीतल्या फुलाला मात्र बहुतेक वेळ दोन पानांत दबून राहायचंय. ते वर्षातून दोनदा उघडं पडेल, बाकी अंधारात. तिथे जे नीट निजतं तेच टिकतं.

तू केलीस ती कुसुदामाची फुलं. पाच चौकोन, प्रत्येकाची एक पाकळी, पाकळीचा कोन करून चिकटवायचा आणि पाचही पाकळ्या एकत्र. जपानात जुन्या काळी औषधी वनस्पती आणि फुलं एकत्र बांधून गोळा करत आणि तो घरात टांगत, त्याला कुसुदामा म्हणत. हल्लीचा कागदी गोळा तुझ्यासारख्या बारा फुलांचा होतो. म्हणजे या फुलाचा जन्मच टांगण्यासाठी. ते चपटं करायला गेलीस तर घडीची रेषा सोडून भलतीकडेच मोडणार. केलेली फुलं फेकू नकोस हं. त्यांचं तोरण कर आणि वाढदिवसाला आजीच्या खुर्चीमागे लाव. वहीसाठी आपण दुसरी करू.

आता कागद घे आणि माझ्यासोबत मोड. साध्या झेरॉक्सच्या कागदाचा तीन सेंटिमीटरचा चौकोन. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी घडी घाल आणि उघड. आता एका टोकाच्या दोन्ही बाजू त्या मधल्या रेषेवर आणून टेकव. झाला पतंग. एक टोक निमुळतं, दुसरं काटकोनी. निमुळत्या टोकाचा कोन मोजलास तर पंचेचाळीस अंश भरेल, कारण नव्वदाचे दोन्ही कडचे तुकडे तू आत मोडलेस. आणि पंचेचाळीस गुणिले आठ म्हणजे तीनशे साठ. असे आठ पतंग निमुळती टोकं मध्यावर ठेवून लावलेस की फूल पूर्ण होतं, ना फट ना चढाओढ. मोडलेली बाजू वर ठेव, म्हणजे मधली रेघ पाकळीच्या शिरेसारखी दिसते. बाहेरची काटकोनी टोकं नको असतील तर मागे जराशी दुमड, पाकळी गोलसर होते. मध्यावर पंचिंग मशीनमधून पडलेली एखादी पिवळी टिकली लाव.

तीन सेंटिमीटरच्या चौकोनाचं हे फूल जवळजवळ साडेआठ सेंटिमीटर रुंद होतं, आणि जाडी किती? कागदाचे दोन थर, टोक दुमडलंस तर तिथे तीन. एका ए-फोर कागदातून असे त्रेसष्ट चौकोन निघतात, म्हणजे सात फुलं होऊन वर काही तुकडे उरतात. टोकदार टोकं बरोबर मध्यावर जुळवायला जरा सबुरी लागते. पानावर पेन्सिलने फिकट अधिक-गुणिले काढून घे आणि आधी समोरासमोरचे चार लाव, मग मधले चार. एकापुढे एक लावत गेलीस तर शेवटचा हमखास बसत नाही, कारण प्रत्येकात केसभर चूक असते आणि ती सगळी मिळून आठव्याच्या वाट्याला येते.

हे मी शोधलेलं नाही बरं का. हॉलंडमध्ये टिनी व्हॅन डर प्लास नावाच्या बाईंनी १९९२ च्या सुमाराला चहाच्या पिशव्यांच्या छापील पाकिटांचे चौकोन कापून अशा घड्या एकमेकींत अडकवायला सुरुवात केली, आणि शुभेच्छापत्रांवर लावायचा तो एक छंदच होऊन बसला. तिकडे त्यासाठी छापील चौकोनांचे कागद विकत मिळतात. शुभेच्छापत्र पाकिटात जायचं असतं, म्हणून त्या फुलांना चपटं राहणं भागच. आपल्या वहीची गरज तीच. आपल्याकडे चहा पुडीचा, त्यामुळे पाकिटं नाहीत, पण अगरबत्तीच्या पुड्यांचे कागद, साडीच्या खोक्यातला पातळ कागद, जुन्या कालनिर्णयची पानं यांचा ढीग असतो.

कालनिर्णयचं मुद्दाम सांगते. काकाच्या लग्नाच्या वर्षाचं कालनिर्णय आजीने खिळ्यावरून काढून माळ्यावर ठेवलंय, मला माहीत आहे. त्या महिन्याच्या पानाची आधी रंगीत झेरॉक्स काढ. मग झेरॉक्सचे चौकोन असे काप की लग्नाची तारीख एका पाकळीच्या वरच्या बाजूला येईल. आठ पाकळ्यांत एकीवर तारीख, बाकीच्यांवर उपासाचे आणि एकादशीचे बारीक अक्षरातले तुकडे. आजी चष्मा लावून ते वाचत बसेल आणि पानं उलटायला तासभर लावेल, बघ.

मोडताना चौकोन खरोखर चौकोन आहे ना ते आधी तपास. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. घडी घातल्यावर नखाने एकदा ओढ, मग स्टीलच्या चमच्याच्या पाठीने. घाईत घातलेली मऊ घडी दुसऱ्या दिवशी सुटते आणि फूल वहीत हळूहळू फुगतं. सगळी फुलं करून झाली की लगेच चिकटवू नकोस. जाड शब्दकोशाखाली रात्रभर ठेव. सकाळी जी उघडली नाहीत ती वहीत जाण्यालायक.

मोबाईलवर बघून करतेस तेव्हा चित्रातल्या खुणा समजून घे, म्हणजे व्हिडिओ शंभर वेळा थांबवावा लागणार नाही. तुटक रेघांची ती दरीची घडी, कागद आपल्याकडे मिटतो. रेघ-टिंब-रेघ अशी असते ती डोंगराची, कागद मागे जातो. या खुणा आणि बाण जपानच्या अकिरा योशिझावा यांनी रूढ केले. त्यांच्याआधी प्रत्येकजण आपापल्या परीने समजावत होता. आता जपानी पुस्तक मराठी मुलगी वाचू शकते ती या खुणांमुळे. हे योशिझावा १४ मार्चला जन्मले आणि २००५ मध्ये १४ मार्चलाच गेले, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वाढदिवशी. कागद किंचित ओला करून मोडायची रीत त्यांचीच. ती तू सध्या करू नकोस. सारसोळ्याच्या जुलैत कागद आपणहून ओलसर होतो, वेगळं पाणी कशाला?

भूमितीला तू घाबरतेस, तरी एक गंमत सांगतेच. किराण्याचं बिल घे, अर्धं मोड, पुन्हा आडव्या दिशेने अर्धं मोड, आणि उघड. मध्यावर चार घड्या भेटतात, चार काटकोन. एक सोडून एक असे दोन कोन घे, बेरीज १८०. उरलेल्या दोनांची पण १८०. कागद सपाट मिटत असेल तर आतल्या कुठल्याही बिंदूभोवती हे जमतंच. या नियमाला तोशिकाझु कावासाकी या जपानी गणितज्ञाचं नाव आहे. आणखी नीट बघ: चारपैकी तीन घड्या एका बाजूला खोल गेल्यात, एक उलटी आहे. डोंगर आणि दऱ्यांमधला फरक नेहमी दोनच. तो नियम जून माएकावा यांच्या नावाने. आता मजा अशी की कावासाकी जगभर ओळखले जातात ते त्यांच्या गुलाबासाठी. पीळ घातलेला, एका कागदाचा, खराखुरा वाटणारा गुलाब. आणि तो मुळीच सपाट होत नाही! मिटण्याचा नियम ज्यांच्या नावाचा, त्यांचंच फूल वहीत मावत नाही. तू तो गुलाब शीक, पण आजीच्या अंबाड्यात खोचायला.

कागदाचं बोलू या आता, कारण तुझी खरी गडबड तिथे आहे. तू गणपतीच्या मखरातला उरलेला क्रेप आणि पतंगाचा कागद वापरतेयस. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून आपल्या आळीत मखरं कागदाची झाली आणि घरोघरी क्रेपच्या गुंडाळ्या पडून असतात, हे मान्य. पण क्रेप ओढला की ताणतो, त्यावर घडी बसतच नाही. आणि त्याचा रंग ओल लागली की सुटतो. स्वस्त पतंगी कागदाचंही तेच. आजीचा हात कधी पूर्ण कोरडा असतो का गं? आयुष्य मासळीच्या पाटीपाशी गेलं तिचं, अजूनही पदराला हात पुसत पुसतच ती सगळं हातात घेते. तिने पान उलटलं आणि आजोबांच्या फोटोवर गुलाबी डाग पडला तर काय करशील?

लग्नपत्रिका वापरू नकोस. जाड असतात आणि वरचा चकचकीत थर घडीवर फुटतो, पांढरी रेघ दिसते. कार्डशीट पानाला ठीक, फुलाला नको. सत्तर-ऐंशी जीएसएमचा साधा रंगीत कागद सगळ्यात बरा. नेरुळ स्टेशनजवळच्या स्टेशनरीत सुट्टे रंगीत ए-फोर मिळतात. जास्त रंग हवे असतील तर एखाद्या दिवशी हार्बरने थेट मशीदला उतर आणि अब्दुल रहमान स्ट्रीटवर चक्कर मार. मात्र सोबत कुणाला तरी घेऊन जा. कागद बघितला की तुझा हात आवरत नाही, दप्तरभर घेऊन येशील. हातकागद आवडत असेल तर तो फुलाच्या मागच्या पट्टीसाठी घे. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे, तिथला कागद बघशील तर प्रेमात पडशील, पण त्यातला बराचसा बारीक घडीला जाड पडतो.

कागदाला उभं-आडवं असतं, तेही लक्षात घे. वर्तमानपत्र वरून खाली फाडलंस तर सरळ पट्टी निघते, आडवं फाडलंस की वेडंवाकडं जातं. प्रेसवाले याला ग्रेन म्हणतात. ग्रेनच्या दिशेने घडी स्वच्छ बसते. आणि ओल लागली की कागद ग्रेनच्या आडव्या दिशेला जास्त वाढतो. म्हणून पातळ पानावर भरपूर फेविकॉल थापलंस की पान एका बाजूने वळतं. तुझं तिसरं पान तसंच वळलंय, फोटोत दिसतंय. पाकळ्यांना ग्लू स्टिक लाव, आणि तीसुद्धा फक्त मधल्या पट्टीला, कडांना नको. कडा मोकळ्या असल्या की फूल जरा श्वास घेतं आणि चपटंही राहतं.

जुने बाइंडर मैद्याची खळ वापरायचे आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद टाकायचे. तू मोरचूद आणू नकोस, विषारी असतं आणि घरात लहान मुलं आहेत. कसरीसाठी वेखंडाचा तुकडा पुरचुंडीत बांधून कपाटात वहीजवळ ठेव, वहीच्या आत नाही. आपल्याकडे पोथ्यांजवळ ठेवतात तसंच. पामबीच रोड ओलांडून जेट्टीवरून येणारा वारा घरात कुठपर्यंत पोहोचतो ते तुला मी सांगायला नको, मिठाच्या बरणीचं झाकण काढून बघ. वही खिडकीखालच्या कप्प्यात ठेवू नकोस. आतल्या भिंतीच्या कपाटात, आणि आडवी. उभी ठेवलीस तर फुलांच्या वजनाने पानं पाठीशी ओढली जातात.

आता जाडीचा उपाय, जो तुला कुणी सांगितला नसेल. दुकानातली चिकटवही मधोमध पिना मारलेली असते, म्हणजे रिकामी असताना बरोबर बसेल एवढीच तिची पाठ. तू प्रत्येक पानावर फोटो, फूल, चिठ्ठी लावणार तर ती फुगणारच. दर तिसरं पान कापून टाक. पूर्ण नाही हं, पिनेजवळ दोन बोटं रुंद पट्टी ठेवून. पट्टी राहिल्याने जोडीचं पान सुटत नाही, आणि पाठीला जेवढी जाडी मिळाली तेवढी जागा बाहेर फुलांना मिळते. आणि जी पानं कापलीस तीच फुलाच्या मागच्या पानांसाठी आणि फोटोच्या कोपऱ्यांसाठी वापर. रंग आपोआप जुळतो, पैसे वाचतात.

कोपऱ्यांचं विसरू नकोस. फोटोला गोंद लावायचाच नाही. आजीकडचा तो काळ्या पानांचा आल्बम आठवतोय? त्यात फोटो चार कोपऱ्यांत बसवलेत, मधे बटर पेपर आहे. इतकी वर्षं झाली, फोटो अजून सहज सुटतो. आणि नंतरच्या काळात आले ते चिकट पानांचे आल्बम, वर प्लास्टिक. त्यातला गोंद पिवळा पडला आणि फोटो असे धरून बसले की काढायला गेलं तर फाटतात. कोपरे विकत घेण्याची गरज नाही. दीड सेंटिमीटर रुंद पट्टी घे, मध्यावरून दोन्ही बाजू तिरक्या खाली मोड, त्या शेजारीशेजारी लोंबतील. खालची लोंबती टोकं काप. त्रिकोणी खिसा तयार. टीव्ही बघता बघता मूठभर होतात. आणि मूळ फोटो वहीत लावूच नकोस, चांगल्या कागदावर प्रती काढ. मूळ फोटो पुन्हा पेटीत.

पेटीवरून आठवलं. त्याच पेटीत जमिनीचे कागद आहेत, सिडकोच्या संपादनाच्या नोटिसा, साडेबारा टक्के भूखंड योजनेची फाईल. जुना पिवळा कागद सुंदर दिसतो म्हणून त्याला कात्री लावशील तर काका तुला घराबाहेर काढेल आणि मी त्याच्याच बाजूने उभी राहीन.

त्याच पेटीत वर्तमानपत्राची कात्रणं आहेत, जानेवारी १९८४ ची, जमिनीसाठी झालेल्या जासईच्या आंदोलनाची. पाच माणसं गेली त्यात. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील, त्यांचा फोटो आहे एका कात्रणावर. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातल्या लिग्निनमुळे तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि शेजारच्या कागदालाही डाग देतो. म्हणून त्याचीही प्रत वहीत, मूळ कात्रण बटर पेपरच्या पाकिटात वेगळं. आणि त्या पानावर फूल लावू नकोस. एकही नको. तुझा हात शिवशिवेल, कोपरा रिकामा दिसतो म्हणून. राहू दे रिकामा. आजी तिथे थांबेल, काहीतरी सांगेल किंवा गप्प बसेल. तिथे सजावट कशाला? फूल लावायचं कुठे याच्यापेक्षा कुठे नाही, हे ठरवायला जास्त वेळ दे.

जिथे लावायचं तिथे कसं, तेही सांगते. हळदीचे फोटो, नारळी पौर्णिमेची मिरवणूक, लुगड्यातल्या बायका, डोक्यात वेण्या. त्या फोटोत फुलं आधीच भरपूर आहेत. तिथे शेजारी एकच कागदी फूल, आणि तेही फोटोतल्याच एखाद्या रंगाचं. वेणीतला अबोलीचा रंग धर. पण आजोबांचा तो करड्या रंगाचा, होडीच्या काठावर बसलेला फोटो आहे ना, मागे नुसती खाडी आणि तिवरं, त्याला रंग हवा. तिथे तीन फुलं खालच्या एका कोपऱ्यात, लहान-मोठी. चारही कोपऱ्यांत चार सारखी फुलं लावलीस की फोटोची पाटी होते. ते नको. तिवराचं फूल कधी जवळून पाहिलंयस का? इवलंसं, पिवळसर, चार पाकळ्यांचं. सेंटिमीटरभराचे चौकोन मोडता आले तर त्या फोटोसाठी तेच कर. दीड सेंटिमीटरच्या खाली बोटं चालत नाहीत, मग चिमटा घे.

आजीला हाताने उघडायला काहीतरी दे. नुसतं बघायला दिलंस तर पाच मिनिटांत वही बाजूला ठेवून ती चहाचं विचारेल. दहा सेंटिमीटरचा चौकोन घे, चारही कोपरे मध्यावर आणून मोड. सात सेंटिमीटरचं पाकीट होतं. आत पासपोर्ट साइजचा फोटो ठेव. मग प्रत्येक टोक मध्यावरून मागे कडेपर्यंत दुमड. मधे साडेतीन सेंटिमीटरची चौकोनी खिडकी उघडते, बरोबर चेहऱ्याएवढी, आणि चारही बाजूंना पाकळ्या. जाडी तीन थरांची. पाकळ्या मागे न दुमडता मिटलेल्याच ठेवल्यास तर दार होतं. एका पानावर सगळ्या नातवंडांची अशी सहा-सात मिटलेली फुलं लाव, एकेक उघडून आजीला ओळखू दे आत कोण आहे ते. टोकं पानाला चिकटवायची नाहीत, मागची बाजू तेवढी.

आणखी एक, हे जरा तुझ्यामाझ्यात. तू मला विचारलंस की इन्स्टावरच्या मुलींसारखं तुझं का दिसत नाही. अगं, त्यांची वही फोटो काढायला बनते. पान उघडं, वरून उजेड, फूल चार बोटं उंच, फोटो काढला की संपलं. ती वही नंतर मिटली का, कुणी विचारत नाही. तुझी वही दरवर्षी कुणीतरी काढणार, मुलं ओढणार, आत्या पान उलटताना थुंकी लावणार. डॉ. अनिल अवचटांचं 'छंदांविषयी' वाच कधीतरी, आपल्या लायब्ररीत मिळेल. डॉक्टर माणूस, पत्नी सुनंदाताईंबरोबर १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, एवढं लिहिलं, आणि तरी ओरिगामीत, बासरीत, लाकूडकामात मन घातलं. छंदात बढाई नव्हती, रमणं होतं. २०२२ च्या जानेवारीत गेले ते. पुण्याला जाणं झालं तर 'ओरिगामी मित्र' या गटाचं प्रदर्शनही बघ. 'वंडरफोल्ड' नावाने भरवतात. तिथल्या घड्या बघून तुझी चार दिवस बोलती बंद होईल.

सगळ्या पानांवर नवी युक्ती नको. आठ पाकळ्यांचं एक फूल आणि खिडकीचं एक, एवढ्यावर अख्खी वही निघते. रंग तीन ठेव, फार तर चार. नवं काही शिकलीस की आधी बिलाच्या कागदावर, मग रंगीत कागदावर. आणि रोज रात्री उठण्याआधी वही मिटवून हाताने दाबून बघ. आपणहून मिटली तर पुढचं पान. नाही मिटली तर त्या दिवशी लावलेलं काढ, ओला गोंद अजून सुटतो.

रविवारी मी येतेय. आल्यावर पहिली चार पानं सोडवू. वाफेवर धरायची कल्पना डोक्यात आली असेल तर विसर, फोटोंच्या प्रती इंकजेटवर काढल्यात तू, शाई पसरेल. पातळ पट्टी हळूच सरकवून सुटतात का बघू, नाहीतर पान कापून नवं लावू, दोन बोटांची पट्टी आहेच.

आणि शेवटची पाच-सहा पानं कोरी ठेव. वाढदिवसाला आत्या, मामी, करावे-दारावेचे सगळे पाहुणे येतील. वही हातोहात फिरली की एकेकीला आठवेल, अगं, आमच्याकडे पण आहे एक फोटो, त्यात आई कुठल्याशा लग्नात नाचतेय. त्या फोटोंसाठी पानं लागतील. कोपऱ्यांचा एक डबा आणि मोडलेली डझनभर फुलं वेगळी तयार ठेव, शब्दकोशाखाली दाबून. ग्लू स्टिक लपव, नाहीतर पोरं त्याच दिवशी संपवतील.